मिरज–कोल्हापूर मीटरगेजचं अचूक मॉडेल: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

मॉडेल रेल्वे बहुतेकदा पहिल्याच खरेदीत फसते. आवडलं म्हणून इंजिन येतं, मग त्याला चालतील ते रूळ, आणि उरलेल्या जागेत स्टेशन. वर्षभरानं कळतं की रुळांमधलं अंतर ना मीटरगेजचं (एक मीटर) आहे, ना ब्रॉडगेजचं (१.६७६ मीटर), आणि कोल्हापूरच्या मीटरगेज इंजिनामागे नव्वदच्या दशकातले निळे डबे लागलेत. तोवर खडी चिकटलेली असते, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे तोडफोड.

म्हणून क्रम उलटा धरा: आधी वर्ष, मग पुरावा, मग माप, मग लाकूड. इंजिन सगळ्यात शेवटी.

खालची सगळी मापं एका ठरावीक मॉडेलची आहेत: कोल्हापूर स्टेशन, १९७१ पूर्वीचं मीटरगेज, १:८७ प्रमाण, २.४ मीटर लांब आणि ६० सेंमी रुंद पाट. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, हा आपला मोठा फायदा. गाडी येते, इंजिन सुटतं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी परत जाते. गोल फिरणाऱ्या रुळांची गरज नाही, त्यामुळे घरातल्या एका भिंतीलगत सगळं बसतं.

## टप्पा १: एक वर्ष, एक महिना

“साठचं दशक” हे उत्तर पुरेसं नाही. एक साल आणि एक महिना वहीच्या पहिल्या पानावर लिहा. या मार्गाच्या पक्क्या खुणा अशा:

- १८९१ ते १९७१ मीटरगेज, त्यानंतर ब्रॉडगेज. कोल्हापूर स्टेशनात ब्रॉडगेजचं इंजिन आणि मीटरगेजचे डबे एका मॉडेलात येऊच शकत नाहीत.
- एप्रिल १९५१ पर्यंत मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, त्यानंतर दक्षिण रेल्वे. दक्षिण-मध्य रेल्वे ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झाली. डब्यावरची अक्षरं याप्रमाणे बदलतात.
- १९५७ मध्ये दशमान नाणी आली. मालधक्क्यावर दराची पाटी लावणार असाल तर आणे की नवे पैसे, हे सालावर ठरेल. अंतराचे दगड मैलांचे की किलोमीटरचे, हेही तसंच.

महिना कशाला, असं वाटेल. कोल्हापुरात मालगाडीचा विषय निघाला की गूळ आलाच. गुळाचे सौदे दिवाळी पाडव्याला सुरू होतात आणि हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. मालधक्क्यावर गुळाचे रवे (ढेपा) रचलेत आणि रुळांच्या कडेला हिरवंगार पावसाळी गवत आहे, ही चूक कोल्हापूरचा माणूस एका नजरेत पकडतो. जानेवारी धरलात तर गवत पिवळं, बांध कोरडे आणि उसाला तुरा.

तपासा: पुढच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: त्या साली, त्या महिन्यात ही इथे होती का? उत्तर नसेल तर वस्तू थांबवा, काम थांबवू नका.

## टप्पा २: पुराव्याची वही

१. कोल्हापूर जिल्ह्याचं १९६० चं गॅझेटिअर वाचा. कुठला माल, कुठल्या पेठा, कुठले रस्ते, हे त्यात मिळतं. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात नकाशे आणि संस्थानकाळातले कागद मागा. मागताना विषय नेमका सांगा. “रेल्वेचं काहीही” म्हटलं की हाती काहीच लागत नाही.

२. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे पाहा. नदी, पूल, रस्त्याची फाटकं आणि वस्तीची हद्द त्यात असते.

३. घराघरांतले फोटो शोधा. लग्नाची वरात स्टेशनात उतरली, मुलगा फौजेत निघाला, अशा फोटोंत पाठीमागे दिवा, पाटी, बाक, छप्पर सापडतं. मुख्य माणसांकडे नव्हे, कडांकडे पाहा.

४. आजच्या स्टेशनाचे फोटो घेताना आधी परवानगी घ्या. त्यातल्या विजेच्या तारा, खांब, उंच फलाट आणि काँक्रीटचे स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) मनातून पुसूनच काम करा.

५. फोटोवरून माप काढायचं तर ओळखीची वस्तू पट्टी म्हणून वापरा. फोटोत रूळ समोरून दिसत असतील तर आतल्या कडांमधलं अंतर १००० मिमी. पण ही पट्टी फक्त त्याच अंतरावरच्या वस्तूला चालते. रूळ जवळ आणि इमारत लांब असेल, तर इमारत हमखास बुटकी निघते. इमारतीसाठी तिच्याच भिंतीतला दरवाजा किंवा दगडाचे थर मोजा.

वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: प्र म्हणजे त्याच जागेचा, त्याच काळाचा पुरावा, शे म्हणजे शेजारच्या स्टेशनाचा किंवा जवळच्या सालाचा, अं म्हणजे अंदाज. अंदाज सगळ्यांनाच करावा लागतो. फक्त अंदाजाची वस्तू गोंदानं चिकटवू नका, स्क्रूनं बसवा. उद्या फोटो मिळाला तर ती निघाली पाहिजे.

सावधान: काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवू नका. गडद लाल आणि गडद हिरवा त्यात सारखेच दिसतात.

## टप्पा ३: गेजचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा हिशेब स्वतःच्या हातानं करा.

खरं माप भागिले प्रमाण, एवढंच सूत्र. मीटरगेज १००० मिमी भागिले ८७ म्हणजे ११.५ मिमी. बाजारात १२ मिमीचे रूळ मिळतात. फरक अर्ध्या मिलिमीटरचा आहे, डोळ्याला कळत नाही.

ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:८७ मध्ये १९.३ मिमी. पण त्या प्रमाणातले सहज मिळणारे रूळ १६.५ मिमीचे, म्हणजे खऱ्या १४३५ मिमीचे. ते युरोप-अमेरिकेचं गेज. त्यावर आपले डबे ठेवले की पाय आखडून उभे राहिल्यासारखे दिसतात. अचूकता हवी असलेल्यानं १९७१ नंतरचा काळ धरण्याआधी याचा विचार करावा. मीटरगेज इथे सरळ सोपं पडतं.

पुढे मिरज जंक्शन जोडायचा विचार असेल तर आणखी एक सोय आहे. तेव्हा मिरजेला येणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचं नॅरोगेज ७६२ मिमी, १:८७ मध्ये ८.८ मिमी. त्याला ९ मिमीचे रूळ चालतात.

वहीत उतरवून ठेवायची बाकी मापं:

- लाकडी स्लीपर: खरा १८३ × २० × ११.५ सेंमी, मॉडेलात २१ × २.३ × १.३ मिमी.
- रुळाची लांबी: खरी १२ मीटर; मॉडेलात १३८ मिमी. तेवढ्यात १५ ते १६ स्लीपर, म्हणजे साधारण दर ९ मिमीला एक.
- ७५ पौंडी (यार्डाला ७५ पौंड वजनाच्या) रुळाची उंची: खरी १२८.६ मिमी; मॉडेलात जवळपास १.५ मिमी.
- पोलादी प्रवासी डबा: खरा सुमारे १९.५ मीटर, मॉडेलात २२४ मिमी.

रुळाच्या पाकिटावरचा “कोड” म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात उंची. कोड ७५ म्हणजे १.९ मिमी, आपल्याला हव्या त्यापेक्षा उंच. कोड ५५ म्हणजे १.४ मिमी, खूप जवळ. कोड ५५ वर जुन्या, खोल कडेच्या चाकांची कड स्लीपरच्या खिळ्यांना घासते. म्हणून रूळ घ्यायच्या आधी चाकांची एक जोडी मागवून घासतंय का ते पाहा.

## टप्पा ४: पूर्ण मापाचा कागद

संगणकावर आराखडा काढा, पण लाकूड कापण्याआधी तो खाकी कागदावर पूर्ण मापात उतरवून जमिनीवर पसरा. पडद्यावर सगळं बसतं, जमिनीवर बसत नाही.

चार डबे आणि इंजिन धरून हिशेब असा:

- इंजिन सुटून पुढे उभं राहण्याची जागा: २५० मिमी
- पहिला सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा): साधारण २०० मिमी
- चार डबे (८९६) आणि थोडी सैल जागा: ९५० मिमी
- दुसरा सांधा: २०० मिमी

एकूण १६०० मिमी. २.४ मीटरच्या पाटात पुढे ८०० मिमी उरतात, तेवढ्यात मालधक्क्याचा फाटा आणि मिरजेकडची वाट. त्यापुढे १.२ मीटरचा साधा, देखावा नसलेला पाट जोडा, म्हणजे गाडी “मिरजेला” जाऊन उभी राहील.

वळणाची त्रिज्या सगळ्यात लांब डब्याच्या किमान तिप्पट धरा, म्हणजे ६७५ मिमी. दिसणाऱ्या भागात ९०० मिमी. त्याखाली गेलात तर गाडी चालेल, पण डब्यांचे कोपरे वळणाबाहेर लोंबतील.

जागा कमी पडली की लोक इमारती आखूड करतात किंवा वळण आवळतात. तसं करू नका. एक फाटा कमी करा, एक डबा कमी करा. चारऐवजी तीन डब्यांची गाडी खरी वाटते. दोन खिडक्या गायब झालेलं स्टेशन वाटत नाही.

तपासा: कागदावर दोन रुळांवर शेजारी शेजारी दोन डबे ठेवून सांध्याकडे सरकवा. जिथे ते एकमेकांना घासू लागतात, त्याच्या आधी खूण करा. गाडी त्या खुणेच्या आत मावली पाहिजे. शेजारच्या रुळांत मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी ठेवा, नाहीतर घसरलेला डबा उचलायला बोट जाणार नाही.

## टप्पा ५: पाट

१.२ मीटर × ६० सेंमीचे दोन पाट करा. वर ९ मिमी प्लाय, खाली १२ मिमी प्लायच्या ७५ मिमी रुंद पट्ट्यांची चौकट, आडव्या पट्ट्या दर ४० सेंमीला. सांध्याची मोटर जिथे येणार तिथे आडवी पट्टी नको; आराखडा प्लायवर ठेवून आधी खूण करा.

कोल्हापूरचा पाऊस हा या कामाचा खरा शत्रू. प्लायच्या फक्त वरच्या बाजूला रंग दिला की खालून ओल शिरते आणि जुलैत पाट पापडासारखा उचलतो. दोन्ही बाजू, चारही कडा आणि ड्रिलची प्रत्येक भोकं वार्निशनं बंद करा. शक्य असेल तर हे काम फेब्रुवारी–मार्चमध्ये उरका.

पाट जोडायला नुसते बोल्ट पुरत नाहीत, ते अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसतात. पितळेच्या खुंट्या आणि त्यांच्या बुशांच्या (खुंटी बसते त्या नळ्यांच्या) दोन जोड्या बनवून घ्या. यासाठी कोल्हापूरचं उद्यमनगर, म्हणजे लेथ-कारखान्यांची वस्ती, दाराशी आहे. लेथवाल्याला चित्र काढून द्या: १० मिमी व्यासाची खुंटी, टोक निमुळतं, बुश घट्ट पण हातानं सरकेल असा. खुंट्या जागा पक्की करतात, ८ मिमीचे बोल्ट फक्त आवळतात.

सावधान: खुंट्या बसवून पाट जोडल्याशिवाय एकही रूळ टाकू नका.

## टप्पा ६: रूळ

१. ३ मिमी कॉर्कची पट्टी फेविकॉलनं चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. वाळल्यावर सँडपेपरच्या सपाट ठोकळ्यानं एकदा घासा.

२. आधी सांधे बसवा, मग त्यांना जोडणारे रूळ. उलट केलंत तर शेवटचा सांधा नेहमी तिरका बसतो.

३. पाटांच्या जोडावर रूळ सलग टाका. जोडाच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू रुळाखाली येतील असे बसवा, रूळ त्यांना डाग देऊन (सोल्डर करून) पक्के करा आणि मगच बारीक करवतीनं रूळ कापा. आधी कापून मग जुळवणं जमत नाही.

४. फिशप्लेटपाशी, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीपाशी, पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवा. एप्रिल–मेच्या उन्हाळ्यात रूळ वाढतात आणि फट नसेल तर मधोमध उचलतात.

५. दर १३८ मिमीला रुळाच्या डोक्यावर करवतीचा हलका ओरखडा मारा. चाकाचा “खटक-खटक” आवाज त्या काळचा आहे, आजच्या वेल्ड केलेल्या रुळांवर तो येत नाही.

डाग देताना राळेचा फ्लक्सच वापरा. पत्र्याच्या कामातलं ॲसिड वापरलं तर काही महिन्यांत जोड हिरवा पडून तुटतो. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून डागाच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवा.

## टप्पा ७: तारा आणि पहिली चाचणी

पाटाखालून १.५ चौरस मिमीच्या दोन मुख्य तारा न्या, एक लाल, एक काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून ०.५ चौरस मिमीची स्वतंत्र जोडतार द्या. वीज फिशप्लेटमधून जाईल या भरवशावर राहू नका. पहिल्या वर्षी जाते, पावसाळ्यानंतर गंज धरला की इंजिन अडखळायला लागतं आणि दोष इंजिनाला दिला जातो.

चाचणीसाठी उसनं किंवा स्वस्त, कसलंही १२ मिमीचं इंजिन चालेल. सगळ्यात कमी वेगानं सगळ्या रुळांवर दोन्ही दिशांना चालवा. मग डबे उलटे, म्हणजे ढकलत न्या. खेचताना न घसरणारा डबा ढकलताना घसरतो, आणि तिथेच रुळाचा दोष असतो.

सावधान: आठवडाभर दोष न निघता गाडी चालल्याशिवाय खडीला हात लावू नका.

## टप्पा ८: खडी

आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, म्हणून परदेशी पाकिटातली करडी किंवा तपकिरी खडी इथे कायम परकी दिसते. क्रशरची बारीक कच घ्या.

खऱ्या ५० मिमी खडीचं १:८७ मध्ये माप ०.६ मिमी. आधी कच चहाच्या गाळणीतून गाळा, जाड वर राहील ती टाका. खाली पडलेली मैदा चाळायच्या चाळणीत घाला. यावेळी खाली पडलेली भुकटी फेकून द्या आणि चाळणीत उरलेली कच ठेवा. धुवा, उन्हात वाळवा.

यानंतरची पायरी जवळपास सगळेच गाळतात. काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. ताटात कच पसरा, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. पिशवीला काळी, केसाळ दाढी लागते. पिशवी उलटी करून ती दाढी दूर झटका आणि पुन्हा फिरवा, पिशवी स्वच्छ निघेपर्यंत. हे कण राहिले तर इंजिनाच्या मोटरचं चुंबक ते रुळावरून उचलतं आणि गिअरमध्ये भरतं.

एक मीटर रुळाला साधारण १२५ ते १५० ग्रॅम खडी लागते. मऊ ब्रशनं पसरवा, स्लीपरच्या माथ्यावर एकही कण नको. सांध्याची हलणारी पट्टी आणि तिच्या दोन बाजूंचे स्लीपर कोरडे सोडा. पट्टीवर प्लॅस्टिकला चालणाऱ्या तेलाचा एक थेंब द्या, म्हणजे गोंद धरणार नाही.

आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून फवारा. मग एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, ड्रॉपरनं रुळांच्या मधोमध सोडा. कोरडी खडी भिजवल्याशिवाय गोंद टाकला की गोळे होतात. चोवीस तास हात लावू नका, पावसाळ्यात दोन दिवस. वाळल्यावर काळी कच आणखी गडद दिसते, म्हणून आधी लाकडाच्या तुकड्यावर नमुना करून रंग पाहा.

## टप्पा ९: इमारती, सिग्नल, ऊस

इमारतीचा आधी पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून आठवडाभर जागेवर ठेवा. मालधक्क्याच्या पन्हळी पत्र्याची पन्हळ खरी ७६ मिमी, मॉडेलात ०.९ मिमी, जाड फॉइलवर रिकाम्या रिफिलनं पट्टीच्या आधारानं ओढली की होते.

सिग्नल रुळाच्या डाव्या हाताला, आणि चालकाला त्याचा हात खांबाच्या डावीकडे दिसतो. परदेशी तयार सिग्नल लावताना हे तपासा.

ऊस अडीच-तीन मीटर उंच, म्हणजे ३० ते ३५ मिमी. सऱ्या १० मिमी अंतरावर. केरसुणीच्या काड्यांना कागदी पानं लावा, पण पट्टा रुळापासून दोन बोटं लांब ठेवा. आत हात घालावा लागतोच.

## टप्पा १०: आता इंजिन आणि डबे

स्वातंत्र्यानंतर मीटरगेजवर देशभर पसरलेली दोन इंजिनं म्हणजे वायपी आणि वायजी. वायपी ४-६-२ (आकडे म्हणजे पुढची लहान, मधली मोठी आणि मागची लहान चाकं), मोठी चाकं १३७२ मिमी, मॉडेलात १५.८ मिमी. वायजी २-८-२, चाकं १२१९ मिमी. मॉडेलात १४ मिमी. तयार मॉडेल क्वचित मिळतं, म्हणून बहुतेकांना दुसऱ्या इंजिनाच्या चाकांच्या सांगाड्यावर छापलेली किंवा पत्र्याची बॉडी बसवावी लागते. सांगाडा घेताना आधी चाकांची संख्या आणि व्यास मोजा, नंतर लांबी. लांबी बॉडीत लपवता येते, चाक लपत नाही. आणि तुमच्या सालचं, या मार्गावरचं इंजिन फोटोत सापडेपर्यंत वहीत त्याच्यापुढे अं लिहा.

मीटरगेजच्या गाड्यांना मधोमध एकच बफर आणि त्यावर आकडा असतो. दोन बाजूंना गोल बफर त्या काळच्या ब्रॉडगेजला. तयार डबे रंगवून वापरणारे हे विसरतात आणि सगळं बरोबर असूनही गाडी ब्रॉडगेजची दिसते. बाजूचे बफर कापा, जागा लांबीनं (पुट्टीनं) भरा, घासा, मग रंग.

२२४ मिमीच्या डब्याचं वजन ११० ते १२० ग्रॅम ठेवा. कमी पडलं तर शिशाच्या पट्ट्या जमिनीलगत, दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) वर, समान वाटून लावा. छताखाली लावल्या तर डबा वळणावर कलंडतो. शेवटी सगळ्या डब्यांच्या जोडणीची उंची एकाच पुठ्ठ्याच्या मापानं तपासा आणि कमी-जास्त असेल तिथे बोगीखाली पातळ वॉशर घाला. मग ढकलत नेण्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून, याच डब्यांनी.